पंचांची चूक आणि तिची मुदत

मुलांच्या बास्केटबॉल-सामन्यांत पंचांच्या चुका दोन प्रकारच्या असतात. धक्का लागला कीं नाहीं, हा दृष्टीचा प्रश्न. तेथें पंचाचा शब्द अखेरचा. परंतु धक्का एका मुलास बसला आणि त्याच्या वाट्याचा फ्री थ्रो दुसऱ्यानेंच घेतला, तर ती नियमाची चूक होय. आंतरराष्ट्रीय नियमांचें ४४ वें कलम ती सुधारूं देतें, पण मुदतींत: चुकीनंतर घड्याळ चालूं होऊन खेळ प्रथम थांबला, कीं तो पुन्हा सुरू होण्यापूर्वी. अशा वेळीं पालकांच्या आरडाओरडीचा उपयोग नसतो. खेळ थांबला असतां पंचांना सभ्यपणें विचारण्याचा अधिकार ६ वें कलम कर्णधारास देतें, मग तो १२ वर्षांचा कां असेना. नियम जाणणारें असें मूल संघास न्याय मिळवून देतें आणि नवशिक्या पंचाचा मानही राखतें.