डोळे शाबूत, तरी वाचवेना

मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार बसतो. यथावकाश टाके निघतात, माणूस घरात हिंडू-फिरू लागतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण वर्तमानपत्र हातात घेतलं, की चार ओळींतच अक्षरं नाचू लागतात, कपाळ ठणकतं, ट्यूबलाइटचा उजेडही सोसत नाही. डोळे तपासावेत, तर तक्त्यावरची बारीक ओळही स्वच्छ वाचता येते! मग कुजबुज सुरू होते, 'कामाचा कंटाळा असेल.' हा आळ रुग्णाला फार लागतो.

याचं कारण समजून घेऊ या. डोळा चित्र टिपतो, पण त्याचा अर्थ लागतो मेंदूत. तेही सुरुवातीला डोक्याच्या मागच्या भागात. जपानी डॉक्टर तात्सुजी इनोये यांनी १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात डोक्याला गोळी लागलेले सैनिक तपासले आणि नजरेच्या कोणत्या भागाची जागा मेंदूत कुठे आहे, ते १९०९ मध्ये मांडलं.

प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात आणि त्यांच्या नसा मेंदूतूनच येतात. हा मेळ बिघडला, की वाचताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीत किंवा एकाच्या दोन वस्तू दिसतात. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुसरी वस्तू नाहीशी झाली, तर दोष बहुधा या मेळातला असतो. जिना उतरताना पायरी चुकते, तीही कधीकधी यामुळेच. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, तर दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेनासं होऊ शकतं. मग ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तशीच राहते आणि आपण म्हणतो, जेवणावरची वासना उडाली!

यावर उपाय आहेत. केवळ चष्म्याचा नंबर न काढता डोळ्यांची हालचाल आणि नजरेचं क्षेत्रही तपासून घ्यावं. गरजेप्रमाणे डॉक्टर प्रिझमचा चष्मा, एका डोळ्यावर पट्टी किंवा व्यायाम सुचवतात. वाचन दहा-पंधरा मिनिटांच्या हप्त्यांनी करावं, त्रास वाढण्याआधीच थांबावं. ओळीखाली पट्टी धरावी. डावीकडचं दिसत नसेल, तर पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ ओढावी आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची सवय लावावी. उन्हात टोपी व गडद चष्मा जरूर वापरावा. घरात मात्र सतत काळा चष्मा नको, त्यानं डोळे उजेडाला अधिकच हळवे होतात. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडी चालवू नये.

डोकेदुखी वाढत गेली, उलट्या, गुंगी किंवा अचानक दोन-दोन दिसणं सुरू झालं, एक बाहुली मोठी दिसली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

अनेकांचा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. काहींना उरलेल्या नजरेशी जुळवून घ्यावं लागतं. दोघांनाही घरच्यांचा विश्वास हवा. 'दिसतंय ना, मग वाच की!' असं म्हणण्याऐवजी, 'आण, मी वाचून दाखवतो,' एवढं तरी आपण म्हणू शकतो.