अधिक तंदुरुस्त कोण : मल्ल, फुटबॉलपटू की धावपटू?



सर्वांत तंदुरुस्त खेळाडू कोण, हा वाद आपल्या तरुणांत नेहमी रंगतो. बेळगावकडचा तरुण आखाड्यातल्या मल्लाचे नाव घेतो, गोव्याचा फुटबॉलपटूचे. उत्तर देण्यापूर्वी विचारले पाहिजे : तंदुरुस्त, पण कोणत्या कामासाठी?

शरीराकडून आपण रोज जे काम मागतो, त्यासाठीच ते घडत जाते. ऑलिंपिकमधील कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. तेवढ्यात सारी ताकद ओतावी लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, ते अशा बळावर आणि चपळाईवर. मॅरेथॉनचा धावपटू मात्र ४२ किलोमीटरांहून अधिक धावतो. त्याचे स्नायू सडपातळ, पण हृदय एका ठोक्यात पुष्कळ रक्त पुढे ढकलते. म्हणून सामान्य माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० असते, तर त्याची कधी कधी ४० च्या आसपास. फुटबॉलपटूला दोन्ही गुण थोडे थोडे लागतात. सामन्यात तो साधारण १० किलोमीटर अंतर कापतो; कधी चालत, कधी सुसाट धावत.

म्हणजे धावपटूला आखाड्यात उतरवा, तो चीत होईल. मल्लाला मॅरेथॉनला उभे करा, तो धापा टाकील. यात कमीपणा कोणाचाच नाही.

मात्र आरोग्याच्या दृष्टीने एक फरक लक्षात घ्यावा. फिनलंडमधील जुन्या नामवंत खेळाडूंचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. लांब पल्ल्याच्या खेळाडूंचे सरासरी आयुर्मान ७५.६ वर्षे, सांघिक खेळांतल्यांचे ७३.९, ताकदीच्या खेळांतल्यांचे ७१.५ आणि तुलनेसाठी घेतलेल्या इतर पुरुषांचे ६९.९ वर्षे आढळले. राहणीमान, धूम्रपान अशा गोष्टींचाही यात वाटा असतो. तरी हृदय व फुप्फुसांचा दम मोलाचा आहे, हे त्यावरून दिसते.

शेतकरी बांधवांनी येथे विशेष लक्ष द्यावे. 'आम्ही कष्टकरी, आम्हांला व्यायाम कशाला?' असे पुष्कळजण म्हणतात. नांगरामागे दिवसभर चालणाऱ्याला ते शोभत होते. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, बांधापर्यंत मोटारसायकल नेते. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. आखाडा सोडून खुराक न सोडणाऱ्या मल्लाचीही हीच गत होते. पोट सुटते, मधुमेह व रक्तदाब मागे लागतात. पोते उचलणारा खांदा बळकट असला, म्हणजे हृदय निरोगी असेलच असे नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे; इतके, की बोलता यावे पण गाता येऊ नये. दोन दिवस झेपतील तेवढ्या जोर-बैठका काढाव्यात. पूर्वीपासून दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. आणि छातीत दाब येऊन घाम सुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर 'गॅस झाला असेल' म्हणून घरी पडून राहू नये. तत्काळ इस्पितळ गाठावे. कष्टकऱ्यालाही हृदयविकार होतो.

करिंथजवळ दर दोन वर्षांनी क्रीडास्पर्धा भरत. तेथील भाविकांना लिहिताना संत पौलाने धावणारा आणि मुष्टियोद्धा, दोघांचेही उदाहरण घेतले. त्यांत श्रेष्ठ कोण, हे त्याने ठरवले नाही; दोघांचा संयम तेवढा दाखवला. आपणही वाद बाजूला ठेवून उद्या सकाळी चालायला निघू या.

आपला धर्मगुरू