घटस्फोटानंतरचा आयकर आणि हरवलेली कागदपत्रे

न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा हाती येतो त्या वेळी मुलांचा ताबा, पोटगी आणि निवारा या प्रश्नांनीच मन व्यापलेले असते. आयकराची आठवण होते ती विवरणपत्र भरण्याची मुदत जवळ आल्यावर. तेव्हा ध्यानात येते की, सर्व फायली पूर्वीच्या घरातच राहिल्या आहेत. अनेक कुटुंबांत हे काम पती एकटाच पाहतो. पत्नी शिक्षिका असो वा परिचारिका, तिने केवळ सही केलेली असते.

अशा व्यक्तीने प्रथम एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपल्या देशात पतिपत्नीचे संयुक्त विवरणपत्र नसते. प्रत्येकाचा पॅन स्वतंत्र, उत्पन्न स्वतंत्र आणि जबाबदारीही स्वतंत्र. म्हणून घरातील कागद हरवला तरी त्याची नोंद आपल्याच पॅनखाली शाबूत असते. ती मिळवण्यासाठी पूर्वीच्या जोडीदाराच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.

कोणता निर्णय ग्राह्य?

धर्मप्रांतीय न्यायालयाने विवाह शून्य ठरवला म्हणजे दिवाणी कायद्यातही तो संपला, असा काही भाविकांचा समज आहे. तो बरोबर नाही. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय चर्चच्या निर्णयाला कायदेशीर परिणाम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. २०१७ सालीही याविरुद्धची याचिका फेटाळण्यात आली. त्यामुळे आयकर खाते, बँक व निबंधक यांच्यापुढे १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार मिळालेला हुकूमनामाच चालतो. त्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती निकाल देणाऱ्या न्यायालयाच्या नक्कल विभागातून घेऊन ठेवाव्यात.

कागद कोठे मिळतील?

पहिली अडचण असते ती आयकर पोर्टलच्या प्रवेशाची. खात्यावर बहुधा पूर्वीच्या जोडीदाराचाच मोबाइल क्रमांक असतो. अशा वेळी आधारशी जोडलेल्या स्वतःच्या मोबाइलवर येणारा ओटीपी किंवा नेट बँकिंग वापरून पासवर्ड नव्याने घेता येतो. त्यानंतर मोबाइल क्रमांक व ई-मेल तत्काळ बदलावेत. नाहीतर खात्याच्या नोटिसा दुसऱ्याच्याच हाती पडत राहतील.

प्रवेश मिळाला की, पूर्वी ऑनलाइन भरलेली विवरणपत्रे उतरवून घेता येतात. कापलेल्या कराची नोंद फॉर्म २६ एएसमध्ये आर्थिक वर्ष २००८-०९ पासून पाहता येते. २०२०-२१ पासूनच्या वर्षांसाठी वार्षिक माहिती विवरणात व्याज, लाभांश व मोठे व्यवहारही दिसतात. फॉर्म १६ हरवला असल्यास नोकरीच्या ठिकाणी लेखी अर्ज करावा. बँकांना व्यवहारांच्या नोंदी किमान पाच वर्षे जपाव्या लागतात. म्हणून जुने खातेउतारे मागण्यास विलंब करू नये. घराचा दस्त हाती नसेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक २ व दस्ताची नक्कल शुल्क भरून मिळते.

पूर्वीच्या जोडीदाराचे विवरणपत्र मात्र सहजासहजी मिळत नाही. ती त्याची खासगी माहिती आहे. तथापि पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये बंधनकारक केले. त्या प्रतिज्ञापत्राची प्रत जपून ठेवावी.

उत्पन्न कोणाचे?

संयुक्त मुदत ठेवीवरील कर बँक सहसा पहिल्या नावाच्या पॅनवर कापते. ठेव दुसऱ्याच्या पैशांची असली तरी व्याज पहिल्याच्या खाती दिसते. म्हणून अशा ठेवी लवकर वेगळ्या कराव्यात.

पतीने पत्नीला मोबदल्याविना दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न विवाह टिकून असेपर्यंत पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. पत्नीने पतीला दिलेल्या मालमत्तेलाही हाच नियम लागू होतो. हुकूमनाम्यानंतर ही जोडणी संपते. विभक्त राहण्याच्या करारापोटी मालमत्ता दिली असल्यास ती आधीपासूनच लागू होत नाही. अज्ञान मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज, विवाह संपुष्टात आल्यावर, त्या वर्षी मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात मिळवतात.

एकरकमी पोटगी हे भांडवली स्वरूपाचे येणे असल्याने करपात्र नाही, मात्र दरमहा मिळणारी पोटगी करपात्र आहे, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. देणाऱ्याला या रकमेची वजावट मिळत नाही. तडजोडीच्या मसुद्यावर सही करण्यापूर्वीच हा फरक वकिलाकडून समजून घ्यावा. तसेच गृहकर्जात दोघांची नावे असल्यास केवळ हुकूमनाम्याने बँकेपुढील जबाबदारी संपत नाही. बँकेची लेखी संमती लागते.

मागील वर्षे राहिली असल्यास

विवरणपत्र भरायचे राहून गेले असल्यास संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. २०२५ पूर्वी ही मुदत २४ महिने होती. मात्र विलंबानुसार कर व व्याजाच्या रकमेवर २५ ते ७० टक्के जादा कर पडतो, म्हणजे दिरंगाई महाग पडते. या मार्गाने परतावा मागता येत नाही. राहिलेल्या परताव्यासाठी विलंबमाफीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मर्यादा पाच वर्षे आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असला, तरी त्यापूर्वीच्या वर्षांचा हिशोब १९६१ च्या कायद्यानुसारच होतो.

नाव बदलायचे असल्यास पॅनवरील नावाची दुरुस्ती करता येते; पॅन क्रमांक तोच राहतो. पॅनकार्डावर विवाहित स्त्रीच्याही पतीचे नव्हे, तर पित्याचे नाव असते, हेही लक्षात असू द्यावे.

हुकूमनामा, विवरणपत्रे, खातेउतारे आणि दस्त यांची वर्षवार फाइल लावून ती सनदी लेखापालाला एकदा दाखवावी. आपल्या धर्मग्रामातील बँक कर्मचारी, लेखापाल आणि वकील यांनी अशा व्यक्तीसोबत एक संध्याकाळ बसून हे काम मार्गी लावले, तर त्या घराचे मोठे ओझे हलके होईल. एकाकी पडलेल्या माणसाला अर्ज कोणाकडे करावा एवढे सांगणारेही कोणी नसते, म्हणूनच कागद वर्षानुवर्षे पडून राहतात.