शाईचा भात

शाई म्हटली की आम्हां मास्तर मंडळींच्या डोळ्यांपुढे दौत आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उभे राहतात. पण इटलीत व्हेनिसकडे आणि समोरच्या किनाऱ्यावर क्रोएशियातील डाल्मेशियात शाई भातात घालून चवीने जेवतात!

ही शाई माखलीची. बाजारात तिलाही पुष्कळदा माकूलच म्हणतात; परंतु माकुलाच्या अंगात काचेसारखी पातळ पट्टी असते, तर माखलीच्या पाठीत पांढरे, ठिसूळ, होडीसारखे कवच. तेच आपल्या वैद्यांचे समुद्रफेन, आणि पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तेही तेच. शत्रू दिसला की माखली शाईचा लोट सोडून त्याआड निसटते. ग्रीकांनी तिला सेपिया म्हटले. जुन्या फोटोंचा तपकिरी रंग सेपिया झाला तो तिच्यावरूनच. (शब्दांची कुळे शोधण्याची खोड आमच्या धंद्यातच जडते, वाचकांनी क्षमा करावी.)

आता कृती. माखली घेताना कोळिणीला ‘साफ करू नकोस’ असे आधीच बजावावे, नाहीतर शाईची पिशवी प्रथम टाकून दिली जाते. पाठीकडून चीर देऊन कवच ओढून काढावे. आत, मागच्या टोकाकडे चंदेरी-काळी पिशवी दिसेल. ती न दाबता, नळीशी चिमटीत धरून अलगद सुटी करावी आणि वाटीतल्या पाण्यात बुडवूनच फोडावी. बाहेर फोडाल तर ओटा, भिंत आणि साडी तिन्ही जातील! पाणी गाळून घ्यावे. ऑलिव्ह तेलात कांदा-लसूण परतून माखलीचे तुकडे झाकण ठेवून अर्धा-पाऊण तास मंद शिजवावेत. घाई केल्यास रबर चावावे लागते. मग तांदूळ परतून, पळीपळीने कढत पाणी घालत ढवळावे आणि निम्म्यावर शाई सोडावी. तिकडे व्हियालोने नानो जातीचा बुटका तांदूळ आणि पांढरी वाईन घेतात. मी आंबेमोहर आणि लिंबावर भागवले. मीठ शेवटी, कारण शाई मुळातच खारट. शिंपले-माकूल ज्यांना बाधतात त्यांनी मात्र हिच्या वाटेला जाऊ नये.

खरी परीक्षा पानावर. तापातून उठलेल्या सासूबाईंच्या तोंडाला महिनाभर चव नव्हती. घास मातीसारखा लागे. काळा भात पाहताच म्हणाल्या, “करपवलास का गं?” तरी एक घास घेतला. पिकल्या टोमॅटोला जे ग्लुटामेट रुची देते, ते शाईतही असते. थोड्या वेळाने त्यांनी आपणहून ताट पुढे केले. ओठ आणि दात मिशरी लावल्यासारखे काळेकुट्ट झाले होते, आणि धाकटी नात हसून हसून लोळत होती.