राजेश्वरचा थांबा : गाडी, वाट पाहणं आणि कोपऱ्यावरची दुकानं

महामार्गावरच्या गावात गाडीची वेळ विचारायची झाली तर माणूस फलक शोधत नाही, चहाच्या टपरीकडे वळतो. ‘हुमनाबादची गेली का हो?’ एवढंच विचारतो. चहावाला पातेल्यावरची नजर न काढता सांगतो, ‘आत्ताच गेली. मागची येईल, बसा.’ त्या ‘बसा’मागे एक मोठी व्यवस्था उभी असते. गाडी आगारातून सुटते, वाहक तिकीट फाडतो, टमटमवाला आतल्या गावची माणसं आणून सोडतो आणि या सगळ्यांच्या मधल्या वेळेत दुकान चालतं. ही व्यवस्था राजेश्वरच्या निमित्ताने टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

मधलं गाव

राजेश्वर हे बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यातलं गाव. पुण्याहून सोलापूर, उमरग्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर ते वसलं आहे. या रस्त्याचा आधीचा क्रमांक ९. गावाच्या एका अंगाला बसवकल्याण, दुसऱ्या अंगाला हुमनाबाद. बसवकल्याण शहर महामार्गापासून थोडं आत आहे आणि तिकडे वळायचा फाटा सस्तापूर बंगल्याला लागतो. फाट्याला इकडे ‘क्रॉस’ म्हणतात. हुमनाबादला महामार्ग ६५ ला दुसरा मोठा रस्ता छेदतो : नांदेड, बिदर, कलबुर्गी, विजयपूर असा जाणारा महामार्ग ५०. त्यामुळे राजेश्वरहून बिदर किंवा कलबुर्गी गाठायचं तर वाट हुमनाबादवरूनच जाते. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाला. त्यावरही हुमनाबाद स्थानक आहे, पण स्थानकापर्यंत पोहोचायला पुन्हा गाडी किंवा ऑटो लागतोच.

राजेश्वर मार्गाच्या टोकाला नाही, मधोमध आहे. टोकाच्या गावात गाडी रिकामी लागते, लोक निवांत जागा धरतात आणि सुटायची वेळ ठरलेली असते. मधल्या थांब्याला यातलं काहीच मिळत नाही. गाडी भरून येते. तिची वेळ तिच्या उगमाच्या स्थानकातून ती कधी सुटली आणि वाटेत किती अडकली यावर ठरते. सोसायचं ते मधल्या थांब्याच्या प्रवाशाने. पण दुकानदाराला मात्र मधलं असणं फायद्याचं पडतं. ते कसं, ते पाहू.

रस्त्याच्या दोन बाजू

शहराच्या कडेच्या वस्तीत सकाळी सगळे एकाच दिशेने जातात आणि संध्याकाळी सगळे उलट येतात. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूची दुकानं सकाळी भरतात, दुसऱ्या बाजूची संध्याकाळी, आणि उरलेला वेळ दोन्हीकडे शुकशुकाट.

मधल्या गावाचं तसं होत नाही. आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून हुमनाबादकडे जाणारी गाडी एका कडेला थांबते, बसवकल्याणकडे जाणारी दुसऱ्या. सकाळी पहिल्या कडेला हुमनाबादला निघालेले विद्यार्थी, नोकरदार आणि दवाखान्याला जाणारे उभे असतात. संध्याकाळी त्याच कडेला बसवकल्याणहून परतणारे उतरतात. समोरच्या कडेला याच्या उलट : सकाळी तहसील कचेरीत कागद न्यायला बसवकल्याणला निघालेले, संध्याकाळी हुमनाबादच्या बाजारातून पिशव्या घेऊन आलेले. म्हणजे दोन्ही कडांना सकाळची गर्दीही मिळते आणि संध्याकाळचीही.

दोन्ही वेळची गरज मात्र वेगळी. निघताना माणसाला चहा, नाश्ता, झेरॉक्स, मोबाइलचं रिचार्ज आणि सुटे पैसे लागतात. परतताना भाजी, औषध, किराणा आणि लेकरांसाठी खाऊ. म्हणून अशा कोपऱ्यावर जे दुकान दोन्ही गरजा भागवतं ते तग धरतं. सकाळी सुसला आणि चहा देणारा संध्याकाळी तीच कढई मिरची-भज्यांसाठी चढवतो. त्याने कुणाचा सल्ला घेतलेला नसतो, पाय कुठे थांबतात ते त्याने पाहिलेलं असतं.

तिसरी बाजू टमटमची. महामार्गावर गाडी मिळते, पण आतल्या गावांना दिवसभर गाडी नसते. त्या गावचा माणूस टमटमने किंवा जीपने मुख्य रस्त्यावर येतो. बस जिथे थांबते आणि टमटम जिथे भरते, त्या दोन जागांमधली वाट ही अशा गावातली सर्वांत मोलाची वाट. फळवाला आपली गाडी नेमकी तिथेच लावतो.

वाट पाहण्याचं गणित

समजा, एका तासात हुमनाबादकडे दोन गाड्या जातात. बरोबर अर्ध्या तासाच्या अंतराने आल्या तर वेळापत्रक न बघता थांब्यावर आलेला माणूस सरासरी १५ मिनिटं थांबतो. त्याच दोन गाड्या एकामागोमाग एक आल्या आणि मग तासभर काहीच आलं नाही, तर सरासरी थांबणं ३० मिनिटांवर जातं. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, चालक-वाहकही तेवढेच, तरी लोकांचा वेळ दुप्पट वाया जातो. शिवाय पुढची गाडी खचाखच भरते आणि मागची रिकामी धावते.

मधल्या थांब्यावर हे वारंवार का घडतं? पुढच्या गाडीला थोडा उशीर झाला की प्रत्येक थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं साचतात. ती चढायला वेळ लागतो, उशीर वाढत जातो. मागच्या गाडीला माणसंच कमी, म्हणून ती भरभर येते आणि पुढचीला गाठते. चूक कुणा एका चालकाची नसते, गर्दीचा स्वभावच तसा आहे. म्हणून केवळ ‘गाड्या वाढवा’ म्हणून भागत नाही, ‘गाड्यांमध्ये अंतर राखा’ हीही मागणी करावी लागते.

दुकानाचं गणित याच मिनिटांवर बसतं. दोन-तीन मिनिटांत गाडी आली तर चहा सांगायलाही सवड नाही. दहा-पंधरा मिनिटं असली की चहा होतो, पेपर चाळला जातो, ओळखीचा भेटतो. पाऊण तास उलटला की माणूस वैतागून टमटमला हात दाखवतो, नाहीतर बेत रद्द करून घरी जातो. तेव्हा बसचाही प्रवासी गेला आणि दुकानाचंही गिऱ्हाईक गेलं. गाडी नियमित असण्यात दोघांचंही हित आहे.

शून्य रुपयांचं तिकीट

इथे धावणाऱ्या सरकारी गाड्या कल्याण कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या. हे महामंडळ २००० साली ईशान्य कर्नाटक या नावाने वेगळं झालं, त्याचं मुख्यालय कलबुर्गीत आहे आणि आजचं नाव २०२१ मध्ये मिळालं.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना लागू झाली. राज्यातल्या रहिवासी स्त्रियांना राज्याच्या आत साध्या आणि जलद सरकारी गाड्यांतून मोफत प्रवास करता येतो. ‘राजहंस’सारख्या आरामगाड्या, वातानुकूलित किंवा झोपून जायच्या गाड्या यात नाहीत. प्रवास मोफत असला तरी तिकीट घ्यावं लागतं. ओळखपत्र दाखवल्यावर वाहक मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. त्यावर कुठून कुठे गेलात ते छापलेलं असतं.

हा कागद क्षुल्लक समजून नाकारू नये. महामंडळाला या प्रवासाचे पैसे राज्य सरकारकडून मिळतात, ते याच तिकिटांच्या हिशोबावर. राजेश्वरहून किती बायका चढल्या, हे आगाराला कळायचा मार्गही तोच. तिकीट न घेता बसलेली बाई गाडीत असते, पण नोंदीत नसते, आणि फेऱ्या ठरतात त्या नोंदीवर.

सीमा ओलांडताना

उमरग्याच्या दिशेने गेलं की महाराष्ट्र लागतो आणि नियम बदलतात. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. ‘शक्ती’चं मोफत तिकीट महाराष्ट्राच्या एसटीत चालत नाही, ती गाडी कर्नाटकातून जात असली तरी. सोलापूर-उमरग्याकडे माहेर असलेल्या कितीतरी बायका या भागात नांदतात. त्यांनी गाडीत चढण्याआधी एवढंच पाहावं : गाडी कुठल्या राज्याची, आणि आपल्याला उतरायचं ते गाव कुठल्या राज्यात.

ही सीमा तशी अलीकडची. निजामाच्या हैदराबाद संस्थानात रेल्वे खात्यानेच १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. बिदर जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्र प्रदेशात. बिदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, औराद म्हैसूर राज्यात राहिले. नकाशावर तीन रंग आले, पण सोयरीक, बाजार आणि देवस्थानं जिथल्या तिथे राहिली. दत्तजयंतीला हुमनाबादजवळच्या माणिकनगरला आजही तिन्ही राज्यांतून माणसं येतात. थांब्यावर कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू एकाच बाकावर ऐकू येतात.

गाडीतून येणारा माल

बस फक्त माणसं आणत नाही. कर्नाटकाच्या परिवहन महामंडळांनी २०२१ मध्ये ‘नम्म कार्गो’ नावाने माल पोहोचवण्याची सेवा सुरू केली. त्याच्याही आधीपासून मोटारीचा सुटा भाग, औषधाचं खोकं किंवा फुलांची पाटी गाडीबरोबर पाठवायची रीत गावोगाव होतीच. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराला स्वतःचं वाहन परवडत नाही. दिवसातून चार वेळा खात्रीने येणारी गाडी हेच त्याचं वाहन आणि हुमनाबादची पेठ हेच त्याचं गोदाम.

चौपदरी रस्ता आणि कोपरा

महामार्ग ६५ चा हा पट्टा चौपदरी झाला आहे. लांबच्या प्रवाशाचा वेळ वाचला हे खरं, पण कोपऱ्यासाठी चौपदरी रस्ता ही मोठी उलथापालथ असते. मध्ये दुभाजक आला की समोरचं दुकान दूर जातं. महामार्गाच्या जागेत परवानगीशिवाय दुकान मांडता येत नाही, २००२ चा केंद्राचा कायदा तसं सांगतो. आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यही आहे, वेगाने येणाऱ्या ट्रकच्या शेजारी कुणी चहा पिऊ नये. पण दुकान एकीकडे हलवलं, बसचा निवारा दुसरीकडे बांधला आणि टमटमला तिसरीकडे धाडलं, तर प्रत्येक गोष्ट नियमात बसूनही व्यवस्था मोडते. निवाऱ्यात कुणी बसत नाही, कारण तिथे गाडीची खबर देणारं कुणी नसतं. तिन्ही जागा एका हाकेच्या अंतरात राहिल्या पाहिजेत.

मशीनला न दिसणारा प्रवासी

शेवटी एक काम सुचवावंसं वाटतं. वाहकाचं मशीन चढलेल्या माणसांची नोंद ठेवतं. वाट पाहून परत गेलेल्यांची, गाडी न थांबल्याने टमटमने गेलेल्यांची, सात वाजताची गाडी नाही म्हणून कॉलेजच सोडलेल्या मुलीची नोंद त्यात नसते. आगारात बसलेल्या अधिकाऱ्याला ही माणसं दिसूच शकत नाहीत. ती दिसतात चहावाल्याला.

म्हणून टपरीवर एक दोनशेपानी वही ठेवावी. महिनाभर रोज सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ लिहावं : गाडी कुठली, किती वाजता आली, थांबली का, किती चढले, किती राहिले. कॉलेजच्या मुलांनी आळीपाळीने लिहिलं तरी चालेल. महिनाअखेरीस ग्रामपंचायतीच्या ठरावाबरोबर ती वही आगार व्यवस्थापकाकडे न्यावी. ‘आमच्याकडे गाड्या कमी आहेत’ हे वाक्य ते रोजच ऐकतात. ‘सोमवारी आठ ते नऊच्या दरम्यान इतकी माणसं मागे राहिली’ ही ओळ मात्र त्यांना वेळापत्रकाशेजारी ठेवून वाचावी लागेल.