पाटणादेवीची वाट, परार्ध पावलं

चाळीसगावपासून पाटणादेवी १८ किलोमीटर. चंडिकेचं दर्शन घेऊन बहुतेक लोक परत फिरतात. पण खऱ्या वाटा सुरू होतात त्या देवळाच्या मागून. एक केदारकुंडाकडे जाते, एक धवलतीर्थाकडे. एक कन्हेरगडावर चढते आणि चढता चढता नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी, शृंगार चावडी ही कोरीव लेणी दाखवते. आणखी एक डोंगर ओलांडून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे उतरते. अंजन, धावडा, पळस यांचं हे रान आता गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. वनखात्याची परवानगी काढून आणि माहितगार सोबत घेऊनच आत शिरावं. वाटेत गुरं घेऊन निघालेलं कुणीतरी हमखास विचारतं, “भाऊ, कथा जाई ऱ्हायनात?” त्याला गडाचं नाव सांगितलं की पुरतं. पण या वाटेवर खरोखर किती लांब जाता येतं, याचा हिशेब मी एकदा मांडला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

दिवसभराची भटकंती १२ किलोमीटरची धरू आणि एक पाऊल ६० सेंटिमीटरचं. म्हणजे दिवसाची २०,००० पावलं.

आता पायाखालचा दगड. सगळा सातमाळा डोंगर लाव्ह्याचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमीन फाटली आणि थरावर थर साचत दख्खनचं पठार झालं. समोरच्या कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात, त्या याच थरांच्या. झिजून झिजून आज जे उरलं आहे तेही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. मूळचा लाव्हा १० लाख घन किलोमीटरच्या घरात असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही, म्हणून तो घरी आणून पाहिला. जळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ ११,७६५ चौरस किलोमीटर. तो सगळा लाव्हा एकट्या जळगाव जिल्ह्यावर ओतला, तर ८५ किलोमीटर उंचीचा ढीग होईल. एव्हरेस्टवर एव्हरेस्ट ठेवत गेलं तर साडेनऊ लागतील.

हीच ६ कोटी ६० लाख वर्षं आपल्या १२ किलोमीटरच्या वाटेवर पसरून पाहू. लाव्हा वाहिला तिथे पहिलं पाऊल, आजचा दिवस शेवटच्या पावलाला. मग प्रत्येक पावलाला ३,३०० वर्षं मागे पडतात. दिवसभर चाललं तरी माणूस भेटत नाही. आपली जात पृथ्वीवर आली सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी, म्हणजे मुक्कामाला जेमतेम ५५ मीटर उरलेले असताना. देऊळ दिसायला लागतं तिथे. पितळखोऱ्याची १४ लेणी खोदायला सुरुवात झाली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. त्यांचे ओळीने उभे हत्ती, खांब, चैत्य, आणि त्यानंतरचा सगळा काळ शेवटच्या एका पावलात बसतो, आणि पाऊलही पुरतं भरत नाही. आणि ज्यांच्या नावासाठी मी या खोऱ्यात पुन्हा पुन्हा येतो ते गणिती भास्कराचार्य तर वीतभरही लांब नाहीत. १६ सेंटिमीटरवर आहेत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. ते गाव नेमकं कोणतं, यावर विद्वानांत एकमत नाही. पण त्यांच्या कुळाचा दगडावरचा पुरावा इथला आहे. १८६५ च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी इथल्याच पाटण गावच्या भवानीच्या देवळातला शिलालेख उजेडात आणला. त्यात त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांचे नातू चांगदेवापर्यंत नऊ पिढ्यांची नावं आहेत. एकाच घरात नऊ पिढ्या विद्या!

‘लीलावती’च्या सुरुवातीलाच भास्कराचार्य स्थानांची नावं देतात. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अन्त्य, मध्य, परार्ध. अठरा नावं, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. आमच्या आजोबांच्या पिढीला ही यादी तोंडपाठ असायची. आम्ही ती पाठांतर म्हणून सोडून दिली, आणि ही नावं किती दूर नेतात हे पाहायचंही सोडलं, याची मला खंत वाटते. म्हणून ती पायांनी मोजून पाहू. दिवसाला २०,००० पावलं म्हणजे दोन अयुत. पाच दिवसांत लक्ष. कोटीला ५०० दिवस. अर्बुदाला जवळजवळ १४ वर्षं. अब्जाला १३७ वर्षं! म्हणजे रोज न चुकता चालणाऱ्या माणसाचं आयुष्य अब्ज येण्याआधी संपतं, आणि यादीत त्यापुढे अजून आठ नावं आहेत.

परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. परार्ध पावलं टाकली तर ६० लाख कोटी किलोमीटर होतात. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा ४० लाख कोटी किलोमीटरवर आहे. पाटणादेवीच्या देवळापासून निघालेली वाट त्या ताऱ्याला मागे टाकून त्याच्याही पुढे निम्मं अंतर जाते. तोच हिशेब सेकंदांत केला तर पायाखालच्या लाव्ह्याचं वय दोन अन्त्य सेकंद भरतं आणि साऱ्या विश्वाचं, म्हणजे १३८० कोटी वर्षांचं, चार परार्धांहून थोडं जास्त. बाराव्या शतकात मुलांच्या तोंडी दिलेली यादी विश्वाच्या वयाला जवळजवळ पुरते. विश्व किती जुनं आहे, हे तेव्हा कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण नाव ठेवून जागा तयार होती.

या मोठ्या नावांचा नुसता ढीग केला असता तर मला इतकं अप्रूप वाटलं नसतं. भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणिता’त एक प्रश्न आहे. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, एक मिळवा. येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असली पाहिजे. ६१ ऐवजी ६० घेतले तर उत्तर ४: सोळा गुणिले साठ ९६०, अधिक एक ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर उत्तर ८: चौसष्ट गुणिले बासष्ट ३,९६८, अधिक एक ३,९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. दोन्हीकडे पाटी सपाट, आणि मधोमध ६१ चा कडा. त्याचं सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८०, आणि त्याच्या जोडीचं वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९. एक-एक संख्या तपासत, सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस बसलं तरी सात वर्षं दोन महिने लागतील. भास्कराचार्यांनी तसं केलं नाही. ८ चा वर्ग ६४, तो ६१ पेक्षा तीनने जास्त, इथून ते सुरुवात करतात. चक्रवाल नावाच्या रीतीच्या पुढच्याच वळणावर ३९ आणि ५ हाती लागतात: ३९ चा वर्ग १,५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १,५२५, फरक चारचा. मग त्यांच्या आधीच्या गणिती ब्रह्मगुप्ताची युक्ती, आणि थोड्याच पायऱ्यांत माथा. फ्रान्समध्ये पिएर द फेर्माने नेमका हाच ६१ चा प्रश्न १६५७ साली आव्हान म्हणून टाकला. तोवर पाचशे सात वर्षं उलटली होती.

२२ कोटींची ती पावलं चालायचं म्हटलं तर पृथ्वीला तीन फेऱ्या होऊन चौथीतही बरंच अंतर कापलं जाईल. वर्गमुळाची पावलं चंद्रावर जाऊन, परत येऊन, पुन्हा पाऊण वाट चढतील.

‘सिद्धान्तशिरोमणि’नंतर सुमारे अर्ध्या शतकाने दूर इटलीत, पीसा नगरात, फिबोनाचीने १२०२ साली ‘लिबेर अबाची’ लिहून आपल्याकडचे नऊ अंक आणि शून्य तिथल्या व्यापाऱ्यांपुढे ठेवले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १२०७ मध्ये, या खोऱ्यात चांगदेवाच्या मठाला दान मिळालं. चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ उभारला, आणि खोऱ्याचे निकुंभ राजे सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी तो पोसला. दानाचा दिवस श्रावणी पौर्णिमेचा, चंद्रग्रहणाचा.

शिलालेखाचा शेवटचा भाग संस्कृतात नाही, जुन्या मराठीत आहे, कारण तो पंडितांसाठी नव्हता, पेठेसाठी होता. पाटणात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला येणारा वाटा मठाला. आणि गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल.