बिघाड सांगणारी तार

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 मध्ये एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या या आश्रमात हाताने काम करत शिकण्याची रीत होतीच. तिला संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या, म्हणजे सीएनसी, यंत्रांची जोड मिळाली. तेव्हापासून हौशी सीएनसी फार पुढे आलं. त्यातली एक तार मात्र कायम मागे राहिली. मोटर अडली, तिला चालवणारा ड्राइव्ह तापला, की संगणकाला तसं कळवणारी ही तार.

सुरुवातीला जागाच नव्हती. यंत्र चालायचं जुन्या पीसीच्या पॅरलल पोर्टवर. त्याच्या 25 पिनांत आत येणाऱ्या फक्त 5. लिमिट आणि होमचे स्विच, आणीबाणीचं बटण जोडलं की संपलं. शिवाय पोर्ट 5 व्होल्टचा. त्यावर 24 व्होल्ट गेले की पोर्ट जळालाच. लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे 2011 पर्यंतच्या ईएमसीत, फॉल्टसाठी, म्हणजे बिघाडाच्या सिग्नलसाठी, वेगळी सोय होती, पण ती वापरायला पिन शिल्लक हवी! 2009 मध्ये जीआरबीएल हे फर्मवेअर आलं, आर्डुइनोच्या छोट्या बोर्डावर यंत्र चालू लागलं. खर्च उतरला, पिनांची चणचण मात्र राहिलीच. पुढे क्लोज्ड-लूप, म्हणजे आपली जागा स्वतः तपासणारे, स्टेपर स्वस्त झाले आणि ड्राइव्हवर 'अलार्म'चं टर्मिनल आयतं मिळू लागलं.

टर्मिनल आलं म्हणून प्रश्न सुटला नाही. सातपुड्यातल्या धडगावचं उदाहरण घ्या. तिथे पावसाळ्यात लाइट जाते, व्होल्टेज पडतं. ड्राइव्ह मेला, पण लॅपटॉप बॅटरीवर चालूच. यूएसबीवरचा बोर्डही जागा. अलार्मचं आउटपुट फक्त बिघाडात 'चालू' होणारं असेल, तर मेलेला ड्राइव्ह ते चालू करणार कसा? संगणक सगळं ठीक समजून पल्स मोजत राहतो, मोटर जागेवरच. लाइट परतली की पुढचा काप भलतीकडे. म्हणून जोडणी उलटी हवी: सगळं ठीक असताना प्रवाह वाहावा, थांबला की फॉल्ट. मग तार तुटली, उंदराने कुरतडली, ड्राइव्हची वीज गेली, तरी यंत्र थांबतं. काही ड्राइव्ह बिघाडात प्रवाह सोडतात, काही ठीक असताना. बऱ्याच ठिकाणी ते सेटिंगने बदलता येतं. मॅन्युअल वाचल्याशिवाय स्क्रू आवळू नये.

अशी आउटपुटं एकामागोमाग जोडली की तीन-चार ड्राइव्हना एकच पिन पुरते. प्रत्येक आउटपुटमधला ऑप्टोकपलर, म्हणजे तारेने न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा भाग, थोडं व्होल्टेज खातो, त्यामुळे साखळी 24 व्होल्टवर ठेवून शेवटी आणखी एका ऑप्टोकपलरमधून बोर्डाच्या 5 व्होल्टवर आणणं मला जास्त भरवशाचं वाटतं. त्याच्या एलईडीला मालिकेत रेझिस्टर हवाच. दोन्ही बाजूंच्या शून्याच्या तारा मात्र एकत्र करू नयेत. त्या जोडल्या की ऑप्टोकपलरने दिलेला आडोसा गेला. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीची केबल या तारांपासून लांब ठेवावी, नाहीतर खोटे फॉल्ट येत राहतात आणि कंटाळून माणूस तारच काढून टाकतो.

आणि आणीबाणीच्या बटणाने कॉन्टॅक्टरमार्फत मोटरांची वीज थेट तोडावी, संगणकाला न विचारता. जोडणी झाली की कटर काढून यंत्र रिकामं चालवावं, एकेका ड्राइव्हची वीज बंद करून बघावी. मग पॅनेल पूर्ण बंद करून एकेक सिग्नल तार सोडवावी, पुन्हा वीज द्यावी; प्रत्येक वेळी यंत्राने चालायला नकार दिला पाहिजे.